स्ट्रॉबेरी वाकडी येते, लाल होताहोता बुरशी धरते : चूक फळात नाही, फुलात शोधा

पानं हिरवीगार, फुलंही भरपूर, आणि फळं मात्र एका अंगाने फुगलेली, टोकाशी आवळलेली, गाठीगाठींची. त्यातली जी बरी दिसतात ती पूर्ण लाल व्हावीत म्हणून थांबावं, तर दोन दिवसांत त्यांच्यावर राखाडी लव चढते. एखाद्या बहराला असं झालं तर हवेला बोल लावून मोकळं होता येतं. पण बहरामागून बहर हेच चाललं असेल, तर आपण दर वेळी करतो अशा एखाद्या गोष्टीत त्याचं कारण दडलेलं असतं.

मी हे सलग तीन हंगाम पाहिलं. पहिल्या वर्षी खत वाढवलं. दुसऱ्या वर्षी कुणीतरी सांगितलं म्हणून बोरॉन हे सूक्ष्म अन्नद्रव्य फवारलं, मग बुरशीनाशक फवारलं, मग अर्ध्या कुंड्यांची माती बदलली. प्रत्येक उपाय फळाकडे बघून केला आणि प्रत्येक उपाय उशिराचा ठरला. स्ट्रॉबेरीचं फूल उमलल्यापासून फळ पिकेपर्यंत साधारण चार आठवडे जातात. हवा उबदार असेल तर तीन, गारठा असेल तर पाच-सहा. आज हाती आलेलं वाकडं फळ महिन्यापूर्वीच्या दोन-तीन दिवसांत वाकडं ठरलेलं असतं. त्या दिवसांत रोपावर काय गुदरलं हे आठवलं, तरच आजच्या फळाचा उलगडा होतो.

आधी दोरे बांधा

औषध, खत, माती यांतलं काहीही बदलण्याआधी एक बहर नुसता नोंदींना द्या. फूल उमलेल त्या दिवशी त्याच्या देठाला लोकरीचा किंवा शिवणाचा रंगीत दोरा सैल बांधायचा. दर आठवड्याचा रंग वेगळा. वहीत रंगापुढे तारीख, त्या दिवसांतली हवा (पाऊस, धुकं, कडक ऊन, गारठा) आणि त्या दिवसांत आपण काय केलं ते लिहायचं : पाणी कसं घातलं, कसली फवारणी केली, झाकण किंवा जाळी होती का. फळ तोडताना दोऱ्याचा रंग पाहून ते फळ कसं निघालं हे त्याच ओळीत लिहायचं. दहा-बारा रोपांनाही एवढं पुरतं.

याचा उपयोग असा की वाकडी फळं सगळ्या रंगांत सारखी विखुरली आहेत, की एका रंगातच गोळा झाली आहेत, हे ढळढळीत दिसतं. एकाच रंगात असतील तर कारण त्या आठवड्याच्या हवेत किंवा कामात आहे. सगळ्या रंगांत असतील तर कारण कायमचं आहे : जागा, जाळी, पाणी घालायची पद्धत, माती. माझ्या वहीत दोष सगळ्या रंगांत निघाला, आणि तिथून शोध सुरू झाला.

वाकडी, गाठीगाठींची फळं

हे समजायला स्ट्रॉबेरीची एक गंमतशीर रचना माहीत हवी. आपण खातो तो लाल गर खरं तर फळ नाहीच. तो फुलाचा फुगलेला बैठा भाग, पुष्पासन. वरचे बारीक पिवळे दाणे, ज्यांना आपण बिया म्हणतो, तीच खरी फळं, आणि प्रत्येकाच्या पोटात एक बी. फुलाच्या मधोमध दिसणारा पिवळट-हिरवा शंकू भिंगातून पाहिला तर त्यावर शेकडो बारीक स्त्रीकेसर दाटीने उभे दिसतात. त्यातल्या ज्या ज्या केसराला पराग मिळतो, त्याच्या तळाशी दाणा भरतो. भरलेला दाणा ऑक्सिन नावाचं संप्रेरक सोडतो आणि त्याच्या जोरावर खालचा गर फुगतो. ज्या दाण्यात बी धरलेलं नाही, त्याच्याखालचा गर तसाच आवळलेला राहतो.

नित्श या शास्त्रज्ञाने 1950 साली हे अगदी साध्या रीतीने दाखवून दिलं. कोवळ्या फळावरचे सगळे दाणे खुडले तर फळाची वाढ थांबली. एखादाच दाणा ठेवला तर तेवढ्याच्या भोवतीचा गर फुगला. दाणे काढून वर ऑक्सिन लावलं, तर फळ पुन्हा वाढू लागलं. मला या प्रयोगाचं मोल फार वाटतं, कारण त्यानंतर वाकडं फळ नकाशासारखं वाचता येतं. जिथे खळगा आहे तिथे पराग पोचला नाही. टोक आवळलेलं आहे, तर शंकूचं टोक कोरडं राहिलं. एक कूस बसलेली आहे, तर फुलाच्या त्या बाजूला कुणी फिरकलं नाही.

स्ट्रॉबेरीच्या फुलात पुंकेसर आणि स्त्रीकेसर दोन्ही असतात, म्हणून ‘हिला मधमाशीची गरज नाही’ असं सांगितलं जातं. हे अर्धंच खरं आहे. वाऱ्याने आणि पुंकेसरांवरून झडून पराग आसपासच्या स्त्रीकेसरांवर पडतात, पण शंकूच्या सगळ्या बाजूंना आणि टोकाला ते सारखे पोचतील याचा भरवसा नसतो. फुलावर गोलगोल फिरणारी माशी हे काम करते. आणि घरची बाग ही बहुतेक वेळा आडोशाची जागा : गॅलरी, भिंतीचा कोपरा, काचेमागची खिडकी. तिथे वाराही कमी, माशाही कमी.

माझ्याकडे कारण होतं जाळी. पक्षी फळं टोचतात म्हणून मी बारीक विणीची जाळी पहिल्या कळीपासूनच टाकत होतो आणि चारी बाजूंनी मातीत दाबून टाकत होतो. पक्षी बाहेर राहिले, पण मधमाशाही बाहेरच राहिल्या. तिसऱ्या हंगामात जाळी तशीच ठेवून निम्म्या फुलांना लाल दोरा बांधला आणि त्यांना ब्रशने पराग दिला. बाकीच्यांना पांढरा दोरा बांधून ती तशीच सोडली. महिन्याभराने लाल दोऱ्याची फळं जवळजवळ सगळी भरलेली, सुडौल. पांढऱ्या दोऱ्याची पूर्वीसारखीच गाठाळ. माती तीच, खत तेच, कुंडी तीच. दोन वर्षं मी खताची पिशवी आणि बोरॉनची बाटली हातात घेऊन ज्याच्यामागे धावत होतो, ते जाळीच्या विणीत होतं.

उपाय सोपा आहे. फुलांच्या काळात जाळी दिवसा उघडी ठेवा. पक्ष्यांचं लक्ष लाल रंगाकडे जातं. कोवळ्या हिरव्या फळांना ते सहसा हात लावत नाहीत. म्हणून पहिली फळं पांढुरकी होऊन गुलाबी झाक यायला लागली की मग जाळी टाकायची, तीही मोठ्या विणीची किंवा बाजूने खुली, कारण तेव्हाही वर नवी फुलं उमलत असतात. मात्र मोठ्या विणीत पक्ष्यांचे पाय अडकू शकतात, तेव्हा जाळी ताणून, रोपांपासून थोडी वर, आधाराच्या काड्यांवर बसवा आणि दिवसातून एकदा नजर टाका.

आत वाढवलेल्या रोपांना किंवा माशाच नसलेल्या गॅलरीत हाताने पराग द्यावा लागतो. रंगाचा बारीक मऊ ब्रश घ्यायचा. सकाळचं दव वाळल्यावर, दुपारच्या आत. आधी बाहेरच्या पिवळ्या पुंकेसरांवर गोल फिरवायचा, मग मधल्या शंकूवर टोकापासून तळापर्यंत सगळ्या बाजूंनी हलकेच. फूल उमलल्यावरचे पहिले तीन-चार दिवस महत्त्वाचे. एकदाच करून थांबू नका, दिवसाआड दोन-तीनदा करा. नुसतं रोप हलवणं किंवा पंख्याचा वारा देणं यानेही थोडा फरक पडतो, पण टोकाची अडचण ब्रशनेच सुटते.

पराग न मिळण्याची दुसरी कारणं हवेची. कळ्या उमलत असताना सलग तीन-चार दिवस पाऊस किंवा दाट ढग राहिले तर माशा निघत नाहीत आणि पराग ओला होऊन चिकटून बसतो. तापमान 30–35 अंशांच्या पुढे गेलं तर परागकणांची ताकद घटते. आणि रात्री पारा शून्याखाली उतरला तर फुलाचा मधला शंकूच मरतो : पाकळ्या पांढऱ्या शुभ्र राहतात आणि मध्यभाग काळा पडतो. असं काळ्या डोळ्याचं फूल दिसलं की ते खुडून टाका, त्याला फळ धरणार नाही. गोठणाऱ्या रात्री रोपांवर कापड किंवा जाड आच्छादन टाकायचं आणि सकाळी काढायचं, एवढंच हातात असतं.

एक सारखा दिसणारा पण वेगळा दोष आहे, तो ओळखायला शिका. रस शोषणारे ढेकूण (लायगस जातीचे, पानांवरून झरकन पळणारे, हिरवट-तपकिरी) कोवळ्या फळाच्या दाण्यांना सोंड खुपसतात, आणि तिथली वाढ खुंटून फळ टोकाशी माकडतोंडं होतं. फरक दाण्यांत आहे. पराग कमी पडला असेल तर आवळलेल्या भागातले दाणे बारीक, अर्धवट, टाचणीच्या टोकाएवढे आणि लहानमोठे असतात. ढेकणाने टोचलं असेल तर दाणे इतर ठिकाणच्या एवढेच मोठे दिसतात, फक्त एकमेकांना चिकटून दाटलेले. खात्री करायची तर सकाळी लवकर फुलांच्या घोसाखाली पांढरी ताटली धरून देठावर टिचकी मारा. कीड असेल तर ताटलीत पडते. मोजकी रोपं असतील तर कीड अशीच झाडून साबणाच्या पाण्यात टाकता येते. आजूबाजूचं फुलोऱ्यातलं तण काढून टाका, हे ढेकूण तिथेच वाढतात. पण स्ट्रॉबेरी फुलात असताना ते उपटू नका, नाहीतर सगळे उठून रोपांवर येतील.

बोरॉनबद्दल स्पष्ट सांगतो. बोरॉनची कमतरता असली तर फळं वेडीवाकडी होतात हे खरं आहे. पण ती कमतरता आणि विषबाधा यांच्यातलं अंतर फार थोडं असतं, आणि कुंडीतल्या मातीत अंदाजाने टाकलेलं बोरॉन परत काढता येत नाही. माती किंवा पान तपासून घेतल्याशिवाय ते वापरू नका. आधी ब्रश फिरवून बघा. त्याला पैसे लागत नाहीत आणि महिन्याभरात उत्तर मिळतं.

या पिकाची सुरुवातच परागाच्या अडचणीतून झाली, हे वाचलं तेव्हा मला बरं वाटलं होतं. अमेदे-फ्रांस्वा फ्रेझिए हा फ्रेंच अधिकारी 1714 साली चिलीहून मोठ्या फळाच्या स्ट्रॉबेरीची मोजकी रोपं घेऊन परतला. रोपं जगली, फुलली, पण फळं धरेनात, कारण ती सगळी मादी रोपं होती. पुढे फ्रान्सच्या ब्रिटनी भागात ती उत्तर अमेरिकेतल्या दुसऱ्या जातीच्या शेजारी लावली गेली तेव्हा पराग मिळाला, फळं आली आणि दोहोंचा संकर तयार झाला. आज कुंडीत लावतो ती स्ट्रॉबेरी हाच संकर. 1766 साली अंत्वान निकोला द्युशेन या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने तो ओळखून लिहून ठेवला.

लाल होताहोता चढणारी राखाडी बुरशी

या बुरशीचं नाव बोट्रायटिस, आणि तिचाही हिशेब फुलातच आहे. बहुतेक लोकांना वाटतं की पिकलेल्या फळाला बाहेरून लागण होते. तशीही होते, शेजारच्या सडक्या फळाला टेकून. पण मोठा वाटा वेगळा आहे : बुरशीचे बीजाणू उमललेल्या फुलाच्या कोमेजत्या पाकळ्यांवर आणि पुंकेसरांवर रुजतात, तिथून कोवळ्या फळाच्या देठापाशी शिरतात आणि दबून बसतात. हिरव्या फळात काही दिसत नाही. फळ पिकून गोड आणि मऊ व्हायला लागलं की ती उठते. म्हणून राखाडी लव दिसल्यावर फवारलेलं औषध त्या फळाला वाचवत नाही, आणि खायच्या फळावर औषध मात्र बसतं.

तिला हव्या असतात तीन गोष्टी : 15 ते 25 अंशांची सौम्य हवा, फुलावर तासन्‌तास टिकणारा ओलावा, आणि रुजायला मेलेलं पान-पाकळी. पहिली आपल्या हातात नाही. उरलेल्या दोन बऱ्याच अंशी आहेत.

पाणी झारीने वरून, संध्याकाळी घालायची सवय असेल तर ती आजच मोडा. फुलं रात्रभर ओली राहतात. पाणी सकाळी, रोपाच्या बुडाशी, पानं बाजूला सारून घाला. ठिबकची बारीक नळी असेल तर उत्तम. दोन रोपांत 30 सेंटिमीटरच्या आसपास अंतर ठेवा. एका पसरट कुंडीत पाच-सहा रोपं कोंबली की वर पानांचं छप्पर होतं आणि खाली हवा हलत नाही. तिथलं फळ कधीच कोरडं होत नाही. पिवळी, तपकिरी, जमिनीला टेकलेली पानं दर आठवड्याला कात्रीने काढून बागेबाहेर टाका, कुंडीतच सोडू नका. ती बीजाणूंची कोठारं असतात.

फळ मातीला टेकता कामा नये. गवत, पेंढा, वाळलेली स्वच्छ पानं किंवा प्लॅस्टिकचं आच्छादन, काहीही चालेल. कुंडीत असेल तर घोस काठावरून बाहेर लोंबू द्या. आच्छादन ओलं होऊन कुजायला लागलं तर बदलायचं, नाहीतर त्याखाली गोगलगायी मुक्काम करतात. फळात गोल, खोल, गुळगुळीत कडांचं भोक आणि जवळपास चकाकता माग दिसला तर ते त्यांचंच काम. पहाटे किंवा रात्री विजेरी घेऊन वेचणं हा मला सगळ्यात खात्रीचा उपाय वाटतो.

बुरशी धरलेलं फळ दिसताक्षणी काढा, आणि शेवटी काढा : आधी चांगली फळं तोडून घ्यायची, मग त्याच हाताने सडकी. उलटं केलं तर बीजाणू बोटांवरून चांगल्या फळांवर जातात. लव उडते, म्हणून सडकं फळ पिशवीत अलगद उतरवायचं.

फळावर राखाडी लवेऐवजी तपकिरी-काळा, आत दबलेला, कडक गोल डाग असेल तर तो करपा. तो पावसाच्या आणि झारीच्या उडणाऱ्या थेंबांबरोबर पसरतो, म्हणून त्याचेही बरेच उपाय वरचेच. पानांच्या कडा वर वळल्या, खालून पांढुरकी पूड दिसली, फळावर पीठ शिंपडल्यासारखं झालं तर भुरी. तिला मात्र पाण्याचा थेंब लागत नाही. दिवसा कोरडी ऊब आणि रात्री दमट हवा एवढ्यावर ती वाढते. आजारी पानं काढा, रोपाला ऊन आणि वारा मिळेल अशी जागा द्या, आणि तरी हटली नाही तर गंधकयुक्त बुरशीनाशक बाटलीवरच्या प्रमाणात. कडक उन्हात गंधक फवारू नका, पानं भाजतात.

फळं लहानच राहतात

इथे आधी हे पाहा की खरंच दोष आहे का. स्ट्रॉबेरीच्या घोसात सगळ्यात आधी एक फूल उमलतं, त्याचं फळ सगळ्यात मोठं. मग दोन, मग चार, मग आठ, आणि प्रत्येक पायरीला स्त्रीकेसर कमी म्हणून फळ लहान. बहराच्या शेवटी लहान फळं येणं हा रोपाचा स्वभाव आहे. पण पहिलंच फळ लहान असेल तर रनर बघा. रोपाने धावते फुटवे सोडले असतील तर त्याची ताकद तिकडे जाते. फळांच्या दिवसांत ते बुडापासून कापा. नव्या लावलेल्या रोपाची पहिल्या महिना-दीड महिन्यातली फुलं खुडणं जिवावर येतं, तरी खुडा. आणि रोप तीन वर्षांहून जुनं असेल तर त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका, त्याच्याच निरोगी रनरपासून नवं करा.

फुलंच येत नसतील तर जात विचारा. काही जाती दिवस लहान आणि हवा थंड असतानाच कळ्या धरतात. दिवस मोठा झाला की त्या फक्त पानं आणि रनर काढतात. चँडलर, कॅमारोसा, स्वीट चार्ली या अशाच. अल्बियन किंवा सॅन आंद्रेआस या जाती दिवसाच्या लांबीवर अडून बसत नाहीत, पण कडक उन्हाळ्यात त्याही थांबतात. जात बरोबर, काळही बरोबर आणि तरी नुसती गर्द पानंच असतील, तर नत्र (नायट्रोजन) जास्त झालं आहे.

लाल दिसतात, पण चव नाही

जास्त नत्राचा परिणाम फळातही उतरतो : मऊ, पाणचट, लवकर सडणारं. ढगाळ आणि उबदार हवा त्याला जोडून आली तर फळावर फिकट गुलाबी-पांढरे चट्टे राहतात, जसा रंग धुऊन गेला आहे, आणि तो भाग बेचव लागतो. कळ्या दिसायला लागल्यावर युरिया, कोंबडखत असली नत्राची खतं थांबवा. त्या काळात पालाश (पोटॅश) जास्त असलेलं विद्राव्य खत अगदी पातळ करून द्या. ‘थोडं जास्त’ हे इथे चालत नाही, कारण स्ट्रॉबेरीला क्षार सोसत नाहीत. पानांच्या कडा तपकिरी, कुरकुरीत, जळल्यासारख्या दिसल्या तर खत बंद करा आणि कुंडीच्या तळातून भरपूर पाणी वाहून जाईल असं दोन-तीनदा धुऊन काढा. नवी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या असतील तर मातीचा सामू (pH) चढला आहे; या पिकाला 5.5 ते 6.5 मानवतो, आणि जड पाण्याने तो हळूहळू वर सरकतो.

ऊन कमी असेल तर कुठलंच खत चव आणत नाही. दिवसाला सहा तास थेट ऊन हवं, आठ मिळालं तर उत्तम. पाण्याचंही तसंच आहे. मुळं बहुतेक वरच्या 15 सेंटिमीटरमध्येच असतात, म्हणून माती वरवर लवकर सुकते आणि आपण घाबरून ओततो. बोट दोन पेरं खुपसून पाहा; आत ओल असेल तर थांबा. फळं पिकत असताना भरमसाट पाणी दिलं की ती फुगतात आणि गोडी पातळ होते.

रोपच मान टाकतं

माती ओली असूनही रोप दुपारी कोमेजतं आणि रात्रीतून सावरत नाही, तर क्राऊन बघा, म्हणजे पानं जिथून फुटतात तो आखूड जाड बुंधा. तो मातीच्या पातळीवर असावा : मुळं आत, मधला कोंब बाहेर. कोंब पुरला गेला तर कुजतो. मुळं उघडी पडली तर वाळतात. पाणी घालताघालता माती सरकून ही पातळी बदलते, म्हणून पुन्हापुन्हा पाहावी लागते. मेलेलं रोप उपटून बुंधा उभा चिरा. आतून पांढरट असायला हवा. तांबूस-तपकिरी डाग किंवा कड दिसली तर बुंधा सडला आहे. ते रोप मातीसकट बाहेर काढा, कुंडी धुवा, आणि त्या रोपाचे रनर लावू नका. टोमॅटो, वांगी, मिरची, बटाटा ज्या मातीत होते त्या मातीत स्ट्रॉबेरी लावणं टाळा, मर रोगाची एक बुरशी या सगळ्यांना सामाईक आहे.

तोडणी

‘आंबट निघतात’ या तक्रारीतल्या कितीतरी फळांचा दोष फक्त एवढा असतो की ती दोन दिवस आधी तोडलेली असतात. तोडल्यानंतर स्ट्रॉबेरी पिकत नाही. ठेवली तर रंग थोडा गडद होतो, फळ मऊ पडतं, पण साखर वाढत नाही. रंग टोकाकडून देठाकडे चढत जातो, म्हणून समोरून लाल दिसलेलं फळ उलटून, हिरव्या टोपीखाली बघायचं. तिथे पांढरी कड असेल तर थांबा. सगळीकडे लाल झाल्यावर एक दिवस आणखी थांबता आलं तर चव भरते. पाऊस यायची चिन्हं असतील तर मात्र थांबू नका. कडक उन्हाच्या दिवसांत काही जातींची खांद्याजवळची पांढरी कड शेवटपर्यंत जात नाही. तिथे वासावर जा, पिकलेल्या फळाचा वास हातभरावरून येतो.

तोडायची वेळ सकाळची, दव सुकल्यावर पण ऊन तापायच्या आधी. फळ धरून ओढू नका, दाबाचा डाग तासाभरात मऊ पडतो आणि कधी अख्खा घोस उपटून येतो. देठ नखाने किंवा कात्रीने टोपीच्या वर सेंटिमीटरभर ठेवून तोडा, टोपी फळाला राहू द्या. भर बहरात दिवसाआड फेरी मारावीच लागते; रोपावर राहिलेलं एक अतिपक्व फळ बुरशीला आमंत्रण देतं.

पसरट भांड्यात कागदावर एका थरात ठेवा. लगेच धुऊ नका, खायच्या वेळीच धुवा, आणि टोपी त्यानंतर काढा, नाहीतर पाणी आत शिरतं. फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस चांगली राहतात. आणि प्रत्येक फळ भांड्यात टाकण्याआधी देठाचा दोरा सोडून त्याचा रंग वहीत लिहायचा. तो दोरा पुढच्या उमलत्या फुलाला चालतो.